टीमचा निळा मोबाईलवर निळाच दिसतो, मग डिजिटल बोर्डावर तो जांभळा का होतो?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि वनडे वर्ल्डकप जिंकला. टीमची उपकर्णधार होती स्मृती मानधना, म्हणजे आपली सांगलीची.

असा काही निकाल लागला की सांगली-तासगाव पट्ट्यात सगळ्यात आधी फोन वाजतो तो डिजिटलवाल्याचा. बाहेरच्या लोकांसाठी सांगायचं तर, जगात ज्याला फ्लेक्स म्हणतात त्याला आपल्याकडं डिजिटल म्हणतात. "डिजिटल लावला का?" हा इथला नेहमीचा प्रश्न. वाढदिवस, गणपतीचा रथोत्सव, निवडणूक, नाहीतर क्रिकेटची स्पर्धा, सगळं त्याच दुकानातून त्याच मशीनवर निघतं. आणि सगळ्यात जास्त वाद होतात ते रंगावरून.

समजा, तासगावातलं एक मंडळ टेनिस बॉलची स्पर्धा भरवतंय. टीमची जर्सी गडद निळी. दहा बाय आठचा बोर्ड, म्हणजे ८० चौरस फूट. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर डिझाईन आलं, पोरांनी "ओके भावा" म्हणून अंगठा दिला. सकाळी बोर्ड चौकात चढला तर निळ्याचा झालाय वांग्यासारखा जांभळा. मंडळ म्हणतं, हा आमचा रंग नव्हे, पैसे देणार नाही. दुकानदार म्हणतो, तुम्ही ओके केलेली फाईलच छापलीय.

गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत. पण तो बोर्ड दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. फार तर बेदाण्याच्या शेडला नाहीतर गोठ्याला आडोसा म्हणून जातो. माल, शाई, वीज आणि मशीनचा वेळ यांचा खर्च कुणीतरी सोसायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो लहान दुकानदार सोसतो.

मग चूक नेमकी कुठं होते?

मोबाईलची स्क्रीन स्वतः उजेड फेकते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश कमीजास्त मिसळून ती सगळे रंग तयार करते. फ्लेक्सचं उलटं आहे. तो स्वतः उजेड देत नाही. पांढऱ्या कापडावर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया पडतात. सूर्याच्या उजेडातला काही भाग त्या शोषून घेतात, उरलेला आपल्या डोळ्यात येतो. त्यामुळं स्क्रीनवर दिसणारे काही रंग या चार शायांतून निघतच नाहीत. छपाईच्या धंद्यात या मर्यादेला गॅमट म्हणतात. आपलं नशीब असं की झगझगीत निळा आणि झगझगीत केशरी हे दोन्ही रंग त्या मर्यादेच्या बाहेरचे. आणि आपल्याकडच्या निम्म्या टीमांना हेच दोन रंग लागतात.

निळ्याची गोची जरा सविस्तर बघू. चार शायांमध्ये निळी शाईच नाही. सायन ही आकाशी-हिरवट, मॅजेंटा ही गुलाबी. दोन्ही मिसळून निळा करायचा. स्क्रीनवरचा शुद्ध निळा सॉफ्टवेअरनं शाईत बदलला की मॅजेंटा भरपूर येतो आणि सायनच्या बरोबरीला पोचला की रंग सरळ जांभळ्याकडं झुकतो. जुने डिझायनर म्हणून एक साधा आडाखा पाळतात : निळ्यात मॅजेंटा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवायचा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ६० ते ७०. स्क्रीनवर तो निळा थोडा फिका वाटेल, पण चौकात निळाच दिसेल. आमच्या मते तासगावच्या बहुतेक जांभळ्या बोर्डांचं औषध एवढंच आहे.

केशरीचं दुखणं वेगळं. प्रो कबड्डीत पुणेरी पलटण आणि यू मुंबा, महाराष्ट्राच्या दोन्ही टीमा केशरी रंगाच्या घरातल्या. शाईत केशरी म्हणजे पिवळा पूर्ण आणि मॅजेंटा साधारण निम्मा. मॅजेंटा थोडा वाढला की रंग विटकरी होतो, कमी पडला की हळदीचा. पलटण, मुंबा आणि वर निवडणुकीतला भगवा असे तीन बोर्ड एकाच खांबावर लागले, तर कोण कुणाचा हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

लाल त्यामानानं सोपा. आरसीबीनं मार्च २०२४ मध्ये नाव बेंगळुरू केलं तेव्हा जर्सीत लालसोबत काळ्याच्या जागी गडद निळा आणला. त्याच महिन्यात स्मृतीच्या कप्तानीत त्यांच्या पोरींनी डब्ल्यूपीएल जिंकली. आता त्या जर्सीचा बोर्ड करायचा तर लाल बिनतक्रार निघतो, पण गडद निळ्यात काळी शाई जास्त पडली की तो परत जुन्या जर्सीचा काळा होऊन बसतो.

बरं, "टीम इंडियाचा निळा" म्हणजे तरी कुठला? जून २०२३ मध्ये आदिदासनं नवी जर्सी आणली तेव्हा वनडेचा निळा फिका होता आणि टी-ट्वेंटीचा गडद. गुगलवर फोटो शोधून त्यातून रंग उचलला की स्टेडियमचे दिवे, कॅमेरा आणि टीव्हीचा चॅनल, सगळ्यांची भेसळ त्यात आलेली असते.

आता कुणी हुशार म्हणेल, पँटोन नंबर द्या की, झालं काम. पँटोन म्हणजे रंगांना नंबर देणारी अमेरिकन पद्धत. लॉरेन्स हर्बर्ट यांनी ती १९६३ मध्ये आणली आणि जगभरच्या मोठ्या टीमा व कंपन्या आपला रंग त्याच नंबरानं सांगतात. पण तो नंबर मुळात ठरलेल्या मापानं कालवलेल्या शाईचा आहे. ऑफसेट छपाईत तशी शाई डब्यात कालवता येते. फ्लेक्सच्या मशीनमध्ये डबे चारच, म्हणजे ते मशीन त्या रंगाची नक्कल करणार. नंबर दिल्यानं दिशा कळते, हमी मिळत नाही. शिवाय २०२२ च्या शेवटी पँटोन आणि ॲडोबी यांच्यातल्या परवान्याच्या भानगडीत फोटोशॉपमधल्या अनेक जुन्या फायलींतले पँटोन रंग काळे दिसायला लागले. वेगळे पैसे भरा, मग रंग परत. आपल्याकडची बरीच दुकानं कोरलवर चालतात म्हणून इथं त्याची बोंब कमी झाली.

काही दुकानं "आमचं मशीन सहा कलरचं आहे" असं सांगतात. त्यातले जादाचे दोन बहुतेक वेळा फिका सायन आणि फिका मॅजेंटा असतात. त्यानं चेहऱ्यावरचे दाणे कमी होतात आणि फोटो मऊ दिसतो, पण नवा झगझगीत केशरी काही मिळत नाही. त्यासाठी मशीनमध्ये खरोखरची केशरी शाई लागते.

रंग मोजून पाळता येतो का? येतो, आणि आपल्या देशानं ते करून दाखवलंय. भारतीय मानकांच्या यादीतलं पहिलं मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाचं आहे. ते १९५१ चं, पुढं १९६८ मध्ये सुधारलेलं. त्यात केशरी आणि हिरवा हे नुसते शब्दांत सांगितलेले नाहीत, आकड्यांत बांधलेत. रंग उन्हात आणि धुण्यात किती टिकला पाहिजे तेही लिहिलंय. आपल्या शेजारी हुबळीच्या बेंगेरीत आणि महाराष्ट्रात नांदेडला खादीचे ध्वज तयार होतात. तिथं कापड चाचणीत बसलं नाही तर बाद. दोन रंगांतला फरक मोजायचा एक आकडा असतो, त्याला डेल्टा ई म्हणतात. तो १ च्या आसपास असेल तर डोळ्याला जेमतेम कळतो. मोजायचं यंत्र मात्र महाग, गल्लीतल्या दुकानाला ते परवडत नाही.

पण त्याच्याशिवायही बरंच काही होऊ शकतं. मोबाईलवर रंग ओके करणं आधी बंद केलं पाहिजे. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून लावलेला पिवळा मोड, शेजाऱ्याच्या फोनची भडक स्क्रीन, व्हॉट्सॲपनं दाबून बारीक केलेला फोटो, यातलं काहीही छपाईचा रंग दाखवत नाही. फाईल पाठवायचीच तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग ती आहे तशी जाते. त्याहून चांगलं म्हणजे जर्सी हातात घेऊन दुकानात जा. दुकानदाराला सांगून त्याच फ्लेक्सवर एक फुटाची पट्टी काढून घ्या, ज्यात निळ्याच्या चार-पाच छटा शेजारी शेजारी असतील आणि प्रत्येकीखाली शाईचे आकडे असतील. एक चौरस फुटाचा खर्च ८० फुटांच्या भांडणापेक्षा कधीही स्वस्त.

ती पट्टी दुकानातल्या ट्यूबलाईटखाली नव्हे, रस्त्यावर उन्हात जर्सीला लावून बघा. जर्सी म्हणजे पॉलिस्टरमध्ये उष्णतेनं मुरवलेला रंग, फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकवर बसलेली शाई. दोन्ही एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फारकत घेतात. साडीचा ब्लाऊजपीस घ्यायला गेलेली बाई कापड दुकानाच्या दारात उजेडात का नेते, त्याचं कारण हेच.

फ्लेक्सचा प्रकार बदलला तरी रंग बदलतो. साधा, स्टार, काळ्या पाठीचा, मागून दिवे लावायचा, प्रत्येकाचा पांढरा वेगळा आणि शाई पिण्याची ताकद वेगळी. खरं तर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालासाठी वेगळी सेटिंग करायची असते. घाईत सगळ्याला एकच चालवली जाते. म्हणून पट्टी ज्या मालावर काढली, बोर्डही त्याच मालावर निघाला पाहिजे, हे बिलावर लिहून घ्यावं. पट्टीवरच्या पसंतीच्या छटेवर दोघांनी सही केली की बोर्ड तिच्याशी जुळला नाही तर दुकानदारानं परत छापायचा, आणि जुळूनही आवडला नाही तर पैसे मंडळानं द्यायचे. उधारीवर चालणाऱ्या या धंद्यात एवढं स्पष्ट बोलणं अवघड जातं, हेही खरंय.

पुढच्या वर्षी तीच टीम परत येणार, तेव्हा ती सही केलेली पट्टी सांभाळायची. पण दुकानाच्या दर्शनी भिंतीवर चिकटवून नाही. उन्हात पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, सायन आणि काळा मागं राहतात. तासगाव-सांगली रस्त्याला गेल्या हंगामातले जे बोर्ड अजून लटकतायत, त्यांच्यावरचे सगळे पुढारी निळेशार झालेत ते त्यामुळंच. पट्टी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवा, वर टीमचं नाव आणि साल लिहा.