सुरती कापूस आणि विणकराची कविता

वर्तमानपत्रात छापून आलेली कविता आपल्यापैकी किती जण वाचतात? बातमी वाचायची, जाहिरात पाहायची, पान उलटायचे आणि महिन्याच्या शेवटी सगळे रद्दीत द्यायचे, असाच बहुतेक घरांचा रिवाज. पण इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात चार-पाच वर्षे अशी आली की, गिरणीकामगाराच्या चुलीवर काय शिजले आणि काय शिजले नाही, हे कळायला कवितेचा कोपरा वाचावा लागे. त्या कोपऱ्याविषयी आज लिहावे असे आम्ही ठरविले आहे. ज्यांच्या घरचे कोणी मुंबईच्या गिरणीत खपले, त्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल.

आधी वर्तमानपत्राचे सांगतो. इंग्लंडात वर्तमानपत्रावर सरकारी मुद्रांकाचा कर होता. १८३६ पर्यंत तो प्रत्येक अंकामागे चार पेनी, पुढे एक पेनी. गरिबाने पेपर वाचूच नये, असाच हा बंदोबस्त! लोक त्याला ज्ञानावरचा कर म्हणत. १८५५ साली मुद्रांक गेला, १८६१ साली कागदावरचाही कर गेला, आणि गावोगाव एका पेनीचे पेपर निघू लागले. एक अंक घ्यायचा आणि दहा जणांनी वाचायचा, ज्याला येत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचा. या पेपरांत स्थानिक बातम्यांच्या शेजारी कवितेची जागा राखलेली असे, आणि तिथे दुकानदार, शिक्षक, विणकर, कोणीही कविता धाडी.

त्याच १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसावर चालत, त्यातला बहुतेक अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. कापूस थांबला, गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस जवळजवळ पाच लाख माणसे मदतीच्या भाकरीवर होती. पुरुष दगड फोडायला गेले, मुलींना शिवणाच्या वर्गात बसवून थोडे पैसे दिले जात. काही जण रस्त्यावर गाणी म्हणत हिंडू लागले. ती गाणी लिहून देणारा एक माणूस होता सॅम्युअल लेकॉक.

लेकॉकचा जन्म १८२६ चा, बाप हातमागावरचा विणकर. नवव्या वर्षी पोरगा गिरणीत गेला. पुढे स्टेलीब्रिज गावी साच्यावर विणकर झाला आणि १८६२ साली हजारोंबरोबर तोही बेकार झाला. त्याने कविता लिहिल्या त्या शाळेतल्या इंग्रजीत नाही, तर घरात आणि गिरणीत बोलली जाते त्या लँकेशायरी बोलीत. त्या गावच्या पेपरांत आल्या, सुट्या कागदांवर छापून विकल्या गेल्या, बेकारांनी त्यांना चाली लावल्या. १८६४ साली त्यांचे पुस्तकही निघाले. याआधी १८५६ मध्ये रॉचडेलच्या एका चांभाराच्या मुलाची, एडविन वॉची, बोलीतली कविता मँचेस्टरच्या पेपरात गाजली होती, म्हणून वाट थोडी मळलेली होती. पण उपाशी माणसाने उपासावर त्याच भाषेत लिहावे आणि पेपराने ते जसेच्या तसे छापावे, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

आता सुरती कापसाची गंमत ऐका; गंमत कसली, दुखणेच ते. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर हिंदुस्थानचा कापूस मागविला गेला. गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा, मुंबई बंदरातून गेलेल्या या मालाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, सरकी आणि कचरा भरलेला. साच्यावर चढविला की धागा तटातट तुटे. मजुरी विणलेल्या मालावर. धागा जोडण्यातच दिवस गेला तर हातात काय पडणार? त्यातून लँकेशायरात कांडी बदलली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढायचे, म्हणजे कांजी आणि धूळ थेट छातीत. सुरती विणकराच्या हालांवर लेकॉकने लिहिले, ब्लॅकबर्नच्या विल्यम बिलिंग्टननेही लिहिले. ‘सुरत’ हा शब्दच तिकडे टाकाऊ मालासाठी वापरू लागले. देवा, कापूस पाठव, अशी प्रार्थना चालली असता मागून कोणी तरी, पण सुरती नको, असे ओरडला, ही कथा तिथे अजून सांगतात.

आणि इकडे? त्याच कापसावर मुंबईचे व्यापारी गब्बर झाले, शेअरांचा जुगार माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच पेढ्या कोसळल्या. धाग्याला तोंड लावण्याची ती रीत मात्र लँकेशायरच्या साच्यांबरोबर मुंबईच्या साळखात्यात आली. तिचेच निमित्त करून अस्पृश्य कामगाराला साळखात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

त्या कोपऱ्यातल्या सगळ्याच कविता कामगारांच्या होत्या असे मात्र नव्हे. पोट भरलेल्या मंडळींनीही पुष्कळ लिहिले: गरिबांनो धीर धरा, दात्यांचे उपकार माना, देव बघतो आहे. असल्या ओळी वाचून आम्हाला कंटाळा येतो. मार्च १८६३ मध्ये लेकॉकच्याच स्टेलीब्रिजमध्ये मदत समितीने रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या देण्याचे ठरविले, तेव्हा लोकांनी दगड उचलले आणि सैन्य बोलवावे लागले. चिठ्ठी घेऊन ठरलेल्याच दुकानात जाणे हा त्यांना अपमान वाटला. पण याच लोकांतले काही जण ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत जमले आणि गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. सगळ्या लँकेशायरचे मत असे नव्हते, दक्षिणेची बाजू घेणारेही होते. तरी ज्या कापसावाचून आपली चूल विझली, तो गुलामाच्या घामाचा असेल तर नको, असे उपाशीपोटी म्हणणारी माणसे तिथे होती. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना उत्तर लिहिले.

यातल्या कितीतरी कविता टोपणनावाने किंवा नावाविना छापल्या गेल्या आणि जुन्या अंकांत पडून राहिल्या. एक्सिटर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्या जुन्या पेपरांतून शोधून शेकडोंनी जमविल्या आणि २०१८ पासून सर्वांना वाचायला खुल्या केल्या.

लेकॉकची सर्वांत लाडकी झालेली कविता मात्र कधीच हरवली नाही. ती त्याच बेकारीत जन्मलेल्या मुलीला उद्देशून आहे. बाप तिला पाखरू म्हणतो. चुकीच्या वेळी आलीस ग, असे सांगतो. थोरल्याच्या दूधपावाचीच पंचाईत आहे, तुला कुठून आणू? आणि तरी तिला मांडीवरून खाली ठेवीत नाही. माता-भगिनींनी ही कविता कोणाकडून तरी समजावून घ्यावी. लेकॉक पुन्हा साच्यावर गेला नाही. १८६५ साली स्टेलीब्रिजच्या कामगारांसाठी असलेल्या संस्थेत तो ग्रंथपाल झाला.