घरीं बांधलेला विमानकक्ष : खेळ कीं विद्या ?

डोक्यावरून विमान गेलें कीं वर्गांतील सर्व माना खिडकीकडे वळतात, हा अनुभव अमरावतीच्या शिक्षकांस आतां नवा राहिलेला नाहीं. ता. १६ एप्रिल २०२५ रोजीं बेलोरा येथील विमानतळावर प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी शाळा तेथेंच उभारण्याचा संकल्प एअर इंडियानें २०२४ सालीं जाहीर केला होता. अकोल्याजवळील शिवणीची धावपट्टी तर १९४३ सालची आहे. अशा प्रांतांतील मुलांच्या मनांत विमानानें घर केलें, तर त्यांत नवल तें काय ?

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याच्या मातोश्री मला भेटावयास आल्या व काकुळतीनें म्हणाल्या, "काय सांगू जी सर, पोट्टं रातभर लाकडाले भोकं पाडत बसते. अभ्यास करन कवा ?" मीं मुलाला रागें भरावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती. परंतु रागें भरण्यापूर्वीं तो पसारा एकदां डोळ्यांनीं पाहावा, म्हणून मी त्यांच्या घरीं गेलों.

पाहतों तों प्लायवूडच्या एका फळीला सहा वाटोळ्या खिडक्या कापलेल्या. त्यांमागें संगणकाचा जुना पडदा असून वेग, उंची, दिशा, चढउतार, वळण व क्षितिज दाखविणाऱ्या सहा तबकड्या त्यांतून दिसत होत्या. खालीं खटके, फिरत्या खुंट्या व दोन तरफा. हें सर्व तारांनीं आर्दुइनो नांवाच्या एका लहानशा विद्युत्फलकास जोडलें होतें. हा फलक खटक्यांची हालचाल संगणकास कळवितो आणि संगणकांतील आभासी विमान त्याप्रमाणें वागतें. असें विमान दाखविणारा फ्लाइटगिअर नांवाचा कार्यक्रम तर कोणासही विनामूल्य मिळतो.

मीं विचारलें, "यांत सर्वांत अवघड काय गेलें ?" तो म्हणाला, "सर, खटका एकदांच दाबला तरी चाकें खालीं, वर, पुन्हां खालीं होत." धातूचे दोन तुकडे एकमेकांस भिडतांना क्षणभर थरथरतात आणि संगणक ती प्रत्येक थरथर निराळी आज्ञा समजतो, हें त्यास तीन दिवसांनीं उमगलें. मग सेकंदाचे कांहीं सहस्रांश थांबूनच आज्ञा मानावी, असा नियम त्यानें फलकास घालून दिला. हा धडा आमच्या क्रमिक पुस्तकांत नाहीं, आणि असता तरी तो इतका पक्का झाला नसता.

दोन तरफांपैकीं एकीच्या टोकास त्यानें खेळण्यांतल्या मोटारीचें चाक बसविलें होतें. यामागें एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं कांहीं बी-१७ विमानें सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर पोटाशीं आपटत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटावयास जाई आणि हात पडे तो चाकें वर घेण्याच्या खटक्यावर; कारण दोन्ही खटके शेजारीं शेजारीं व सारखेच होते. वैमानिकास दोष देण्याऐवजीं अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञानें खटक्यांचा आकार बदलला : चाकांसाठीं लहानसें चाक, झडपांसाठीं पाचर. मोठ्या विमानांत ती खूण आजही पाळली जाते. मुलानें हें सांगतांच मातोश्रींनीं डोळे मिटून तरफ चांचपली आणि म्हणाल्या, "हे चाकाची हाय."

कित्येक पालक म्हणतील, कांहीं झालें तरी हा खेळच. मान्य आहे. पण खेळाची योग्यता ठरविण्याची घाई करूं नये. आपल्या प्रार्थनामंदिरांतील बाजाच्या पेटीला भाता असतो, तसेच मोठे भाते ऑर्गनला असतात. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. तेथील भाते व पंप वापरून त्यानें १९२९ सालीं जमिनीवरच झुकणारा व वळणारा एक लांकडी विमानकक्ष तयार केला. आरंभीं तो खपला करमणुकीच्या उद्यानांत ! पुढें १९३४ सालीं सैन्याकडे टपाल वाहण्याचें काम आलें आणि खराब हवेंत कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखों विमानसैनिक त्याच 'खेळण्यां'त बसून शिकले. आपल्या महाराष्ट्रांतही कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंतील चारकोप येथें घराच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें व २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली.

तथापि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. फळीसमोर बसून कोणी वैमानिक होत नाहीं. त्यास खऱ्या विमानांतील तास, परीक्षा व वैद्यकीय तपासणी लागते, आणि तो खर्च आपल्यांपैकीं फार थोड्या घरांस पेलेल. दुसरें असें कीं, बाजारांतून तयार फलक आणून दिल्यास मुलास केवळ खेळ मिळेल. खेळाबरोबर विद्या हवी असेल तर फळीला भोंक त्यानेंच पाडलें पाहिजे. सर्वांस आकाश मिळणार नाहीं. परंतु यंत्र कां चुकतें व माणूस कां चुकतो, हें शोधण्याची संवय मात्र प्रत्येकास मिळूं शकेल. ती शेतांतील पंपाजवळ आणि दवाखान्यांतही उपयोगी पडते.

त्या मातोश्रींस मीं इतकेंच सांगितलें कीं, रात्रीं दहानंतर काम बंद ठेवा, घरच्या विजेच्या तारांस त्यास एकट्यानें हात लावूं देऊं नका, पण फळी फेकूं नका. आमच्या शाळेसही माझी विनंती आहे कीं, शनिवारीं दुपारीं प्रयोगशाळेंतील एक मेज अशा मुलांमुलींसाठीं मोकळें ठेवावें. करवत, डाग देण्याची कावी आणि चूक दुरुस्त करावयास पुरेसा वेळ, याहून अधिक त्यांस कांहीं नको.