बसलेली बाई

आठवीतल्या एका मुलीने वहीत बसलेली बाई काढली होती. गुडघे छातीशी, मान एका बाजूला कललेली, आणि हात अंगाच्या मानाने फारच मोठे. पेन्सिलीच्या दहा-बारा रेषा, बस्स. मी विचारले, "ये कौन?" म्हणाली, "अम्मी. मशीन पे से अभी उठी है." हात एवढे मोठे का, हे मग विचारावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचा चेहरा खोडलेला होता. इतका घासून, की कागद फाटला होता. घरी कुणी सांगितले, जानदाराचे चित्र हराम. आमच्याच एका सहकाऱ्याने मान डोलावली, "फूल-पत्ते बनाओ ना!" मी तेव्हा गप्प राहिले, याची मला शरम वाटते.

हदीसवर मनापासून अमल करून घरात एकही तसबीर न ठेवणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण निकाहचा अल्बम चालतो, व्हिडिओवाला चालतो, ईदच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर स्वतःचा हसरा चेहरा चालतो. आणि पोरीने आपली आई काढली की दीन आठवतो? हे कसले दीनदार?

आणि हेच लोक हुसेनसाठी उसासे टाकतात. पंढरपूरला जन्मलेल्या या माणसाने १९७६ साली रेषांनी काढलेली सरस्वतीही बसलेलीच होती. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, भोपाळच्या एका हिंदी मासिकाने ती छापली आणि वणवा पेटला. हुसेनने माफी मागितली, तरी अहमदाबादेत त्यांची चित्रे फोडली-जाळली गेली. ज्याला ते चित्र खरोखर लागले त्याच्याशी बोलता येते, तोडफोड करणाऱ्याशी काय बोलणार? पुढे खटले, परदेश, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व, २०११ मध्ये लंडनला मृत्यू. हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. मात्र २००४ मध्ये 'मीनाक्षी'तल्या कव्वालीवरून आपल्याच संघटना उठल्या आणि हुसेनने आपला सिनेमा थिएटरांतून काढून घेतला, हे सांगताना आपली जीभ अडखळते.

अकबर पदमसींवर १९५४ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला, ते सुटले. ते गेल्यावरही सुटका नाही! कस्टमने त्यांची आणि सूझांची नग्नचित्रे अश्लील ठरवून अडकवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की नग्न म्हणजे अश्लील नव्हे. आमच्या मुलीची बाई तर डोक्यापासून पायापर्यंत ओढणीत होती.

सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ याच नागपुरात, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? चित्रकलेच्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकणाऱ्या आम्ही मास्तर-मास्तरणींनी ते कधी सांगितले? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात बाजार येतो, बसस्टॉप येतो. माणसांवाचून बाजार कसा काढायचा? दहावीला इतर शाळांच्या मुलांना चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात तेव्हा आपण पक्षपात, पक्षपात म्हणून ओरडायला मोकळे.

यंदा परीक्षेला बसू शकणाऱ्या मुलींच्या घरी मी स्वतः जाणार आहे. ज्यांना वाद घालायचा त्यांनी माझ्याशी घालावा, मी शाळेत पाच वाजेपर्यंत असते. पोरीच्या वहीला हात लावू नये.