किरणोत्सर्गी भंगार : जबाबदारी कोणाची?

पवनेच्या काठी वसलेले पिंपळे गुरव हे एके काळचे शेतीवाडीचे गाव आज पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील दाट वस्तीचे उपनगर बनले आहे. नदीवरील पूल ओलांडला की दापोडी आणि कासारवाडी, त्यापुढे भोसरीची औद्योगिक वसाहत आणि नाशिकच्या रस्त्याने आणखी पुढे गेले की चाकण. सकाळच्या पाळीसाठी येथून बाहेर पडणाऱ्या कामगाराचा मुलगा शाळेत मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाठ करीत असतो. सत्ताविसावे कोबाल्ट, सत्त्याहत्तरावे इरिडियम. ही नावे परीक्षेपुरती लक्षात ठेवावयाची असतात, असा विद्यार्थ्याचा आणि पुष्कळदा त्याच्या पालकांचाही समज असतो. वस्तुतः याच दोन मूलद्रव्यांची किरणोत्सर्गी रूपे यंत्रउद्योगाच्या रोजच्या व्यवहारात वावरत असतात. ओतीव भागाच्या पोटात पोकळी राहिली आहे काय, बाष्पपात्राच्या जोडकामात भेग आहे काय, हे यंत्र न फोडता पाहावयाचे तर त्यातून गॅमा किरण पाठवून पलीकडे फिल्मवर छायाचित्र घ्यावे लागते. रात्री, माणसांची वर्दळ कमी असताना, दोर बांधून आणि फलक लावून हे काम उरकले जाते. ज्या उपकरणाने ते होते त्याला कामगार सरळ ‘कॅमेरा’ म्हणतात.

या कामाविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. ते प्रशिक्षित माणसांच्या हातून, परवान्याखाली आणि मोजमापाच्या शिस्तीत होते. ज्या जोडातून किरण गेले तो जोड स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. लासलगावच्या विकिरण केंद्रात २००२ पासून ज्या कांद्यावर किरणांची प्रक्रिया होत आली, तो कांदाही होत नाही. प्रश्न वापराचा नाही. वापर संपल्यानंतर त्या स्रोताचे काय होते, हा खरा प्रश्न आहे; आणि पोलाद वितळवून जगणाऱ्या या पट्ट्याने तो स्वतःला विचारण्याची वेळ केव्हाच आली आहे.

नाव एक, केंद्रके दोन

निसर्गात आढळणाऱ्या कोबाल्टच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. तो कोबाल्ट-५९, पूर्णतः स्थिर. अणुभट्टीत त्याच्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला की त्यातील काही केंद्रके एकेक न्यूट्रॉन गिळतात आणि कोबाल्ट-६० तयार होतो. प्रोटॉनांची संख्या तीच, म्हणून मूलद्रव्य तेच. आवर्तसारणीतील घरही तेच. म्हणूनच त्याला समस्थानिक म्हणावयाचे. परंतु हे नवे केंद्रक अस्वस्थ असते. ते फुटून निकेलमध्ये रूपांतरित होते आणि तसे होताना भेदक गॅमा किरण बाहेर टाकते. त्याचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षांचा. इरिडियम-१९२ चा अवघा ७४ दिवसांचा, तर कारखान्यांत जाडी आणि पातळी मोजण्याच्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या सीझियम-१३७ चा सुमारे ३० वर्षांचा.

यातील एक गोष्ट पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येते, पण कारखान्याच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे आहे. मूलद्रव्याचे रासायनिक वर्तन प्रोटॉनांच्या संख्येवर ठरते, न्यूट्रॉनांच्या नव्हे. परिणामतः कोबाल्ट-५९ आणि कोबाल्ट-६० यांत भट्टी फरक करू शकत नाही. रंग तोच, वजन जवळजवळ तेच. डोळ्यांना, नाकाला, चुंबकाला किंवा प्रयोगशाळेतील आम्लालाही त्यांतील भेद कळणार नाही. तो कळतो फक्त किरण मोजणाऱ्या यंत्राला. भट्टीत कोबाल्ट-६० पडला तर तो साध्या कोबाल्टप्रमाणे पोलादात मुरून बसतो. सीझियम पडले तर ते ६७१ अंश सेल्सियसलाच उकळते आणि वितळत्या लोखंडाच्या उष्णतेत वाफ होऊन धुराड्यातील धुळीत जाऊन साचते. पहिल्या प्रकारात माल दूषित होतो, दुसऱ्यात कारखाना.

खोपोलीहून फ्रान्सला

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले की, तेथील एका कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या उद्वाहनांच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळला आहे. बटणांतील पोलादी भाग भारतातून आले होते. माग काढता काढता तो बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. तेथे वितळवलेल्या भंगारात कोबाल्ट-६० मिसळलेला होता. फ्रान्समधील सुमारे २० कामगारांना १ ते ३ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा पोहोचल्याचा अंदाज तेथील प्राधिकरणाने दिला. ही मात्रा प्राणघातक नव्हे. निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतात. परंतु सर्वसामान्य नागरिकासाठी कृत्रिम स्रोतांपासूनची वार्षिक मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे आणि ती ओलांडली गेली होती. फ्रान्समधील कामगारांची मात्रा मोजली गेली, हे योग्यच झाले. पण त्यांच्या हाती तयार भाग पडले होते. ज्यांनी ते भंगार हातांनी निवडले, गाडीतून उतरवले आणि भट्टीत ढकलले, त्यांचा विचार त्या चर्चेत क्वचितच झाला.

दोनच वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात याहून भीषण प्रकार घडला. दिल्ली विद्यापीठाने १९७० च्या सुमारास घेतलेले आणि १९८५ पासून बंद पडून राहिलेले एक गॅमा उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. शिशाच्या लोभाने ते फोडण्यात आले आणि आतील कोबाल्ट-६० उघडा पडला. एका कामगाराचा मृत्यू झाला, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यापूर्वी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या रुग्णालयातील सीझियम-१३७ चे उपकरण असेच भंगारात गेले होते. अंधारात निळे चमकणारे चूर्ण लोकांनी कौतुकाने घरोघर वाटले. चार जण मृत्युमुखी पडले आणि १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली.

अणूचे वेळापत्रक

मायापुरीतील घटनेचा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत मांडून पाहावा असा आहे. १९७० ते २०१० ही ४० वर्षे म्हणजे कोबाल्ट-६० चे साडेसात अर्धायुष्यकाल. दर अर्धायुष्यकालाला निम्मे या हिशेबाने मूळ स्रोताचा अवघा दोनशेवा भाग शिल्लक राहिला होता. त्या दोनशेव्या भागाने माणूस मेला. याउलट इरिडियम-१९२ वर्षभरात तिसाव्या भागावर आणि दोन वर्षांत जवळजवळ हजाराव्या भागावर येतो. म्हणजे इरिडियमचा स्रोत हरवला तर धोका पहिल्या काही महिन्यांचा. कोबाल्टचा हरवला तर एका पिढीचा. सीझियमचा हरवला तर दोन-तीन पिढ्यांचा.

अणू आपल्या वेळापत्रकात चुकत नाही. चुकते ते माणसाचे दप्तर. यंत्र खरेदी करणारा अधिकारी निवृत्त होतो, खात्याचे नाव बदलते, नोंदवही माळ्यावर जाते. कारखान्याच्या बाबतीत तर याहून अधिक काही घडते. कारखाना आजारी पडतो, विकला जातो, दुसऱ्या राज्यात हलतो किंवा बँकेच्या कर्जापोटी त्याचे यंत्रसामान ‘जसे आहे तसे’ या अटीवर लिलावात निघते. या पट्ट्यातील जुन्या कामगारांना असे लिलाव नवे नाहीत. लिलाव करणाऱ्याला लोखंडाचे वजन ठाऊक असते. एखाद्या टाकीच्या अंगाला वर्षानुवर्षे जडवलेल्या पातळीमापकात सीझियम आहे, हे ठाऊक असेलच असे नाही.

नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली आणि किरणोत्सर्गी संरक्षणाचे सविस्तर नियम २००४ मध्ये लागू झाले. स्रोताचा परवाना, त्याची नोंद आणि काम संपल्यावर तो पुरवठादाराकडे परत करण्याचे बंधन, हे सारे त्या चौकटीत होते. वाशी येथील विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळासारखी, स्रोत पुरवणारी आणि परत घेणारी संस्थाही महाराष्ट्रातच आहे. परंतु ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी असते : मालकाला आपल्याकडे काय आहे हे आठवते. जेथे मालकच उरला नाही, तेथे ती लुळी पडते. अशा स्रोताला तज्ज्ञ ‘अनाथ’ म्हणतात. हे विशेषण फारच सौम्य आहे. त्याचे आईबाप मेलेले नसतात. त्यांनी त्याला टाकून दिलेले असते.

साखळीतील अखेरचा दुवा

टाकलेला स्रोत शेवटी पोहोचतो तो भंगाराच्या ढिगाऱ्यात. पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडी आणि चिखली हा भंगार व्यवसायाचा मोठा आधार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. त्यांत भंगाराची दुकाने आणि गोदामे मोठ्या संख्येने होती. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की कारखाने आहेत तोवर भंगार निघणारच. एका ठिकाणचा व्यवसाय उठला म्हणजे तो संपत नाही, विखुरतो. आणि विखुरलेल्या व्यवसायावर देखरेख ठेवणे अधिक अवघड होते. भंगार निवडणाऱ्या माणसावर संशय घेण्याचाही हा प्रश्न नाही. धातू पुन्हा वापरात आणून तो समाजाची सेवाच करीत असतो. दुसऱ्यांच्या विस्मरणाची शिक्षा मात्र त्याला भोगावी लागते.

यावर नेहमी येणारा आक्षेप खर्चाचा असतो. लहान ओतशाळांना किरणमापकाची कमान परवडणार नाही, असे सांगितले जाते. स्पेनमधील अल्हेसिरास येथे १९९८ मध्ये एका पोलाद कारखान्याच्या भट्टीत सीझियम-१३७ चा स्रोत वितळला; साफसफाई आणि थांबलेले उत्पादन मिळून सुमारे २ कोटी ६० लाख डॉलरचा फटका बसल्याचा अंदाज आहे. एवढा आघात लहान ओतशाळा सोसूच शकणार नाही. तिला कायमचे टाळे लागेल. म्हणजे यंत्र खरोखर परवडत नसेल, तर अपघात त्याहून परवडणारा नाही. प्रत्येक ओतशाळेने स्वतंत्र कमान उभारावी असेही नाही. औद्योगिक वसाहतीच्या वजनकाट्यावर, जेथे भंगाराची प्रत्येक गाडी थांबतेच, तेथे उद्योजकांच्या संघटनांनी मिळून एक मापक बसवला तरी काम भागू शकते. खोपोलीसारखा प्रकार पुन्हा घडला, तर परदेशी ग्राहक एका कारखान्याला नव्हे, साऱ्या परिसराच्या मालाला नकार देईल, हे चाकणच्या निर्यातदारांना समजावून सांगावे लागू नये.

दुसरी गोष्ट शासनाने करावयाची आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. कारखाना बंद करताना, हलवताना किंवा लिलावात काढताना, त्यात किरणोत्सर्गी स्रोत नाहीत किंवा असलेले परत केले आहेत, असा दाखला यादीसोबत जोडल्याशिवाय एकही यंत्र फाटकाबाहेर जाता कामा नये. थकलेल्या कराचा आणि विजेच्या बिलाचा दाखला मागितला जातो. हा मागण्यात अडचण कोणती?

तिसरी गोष्ट भीतीविषयी आहे. ज्याला संशयास्पद वस्तू सापडली, त्याला ती कळवली की पोलीस आपल्यालाच पकडतील असे वाटत असेल, तर तो ती नाल्यात टाकील किंवा पुढच्या गाडीत चढवील. कळवणाऱ्यावर कारवाई नाही, उलट मालाची किंमत भरून मिळेल, अशी हमी दिली तरच तो पुढे येईल. त्यानंतरची यंत्रणा फार दूर नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी चाकणजवळच्या सुदुंबरे येथेच आहे. तिला निरोप वेळेवर पोहोचला पाहिजे, एवढेच.

उरते ती ओळख. तीन पाकळ्यांची खूण १९४६ पासून वापरात आहे. पण ती शिकलेल्या माणसासाठी आहे. न शिकलेल्याला ती पंख्याचे चित्र वाटू शकते. म्हणूनच २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने लाल त्रिकोणातील नवी खूण पुढे आणली : वरून पडणारे किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ती यंत्राच्या आत लावावयाची, जेणेकरून फोडणाऱ्याचा हात ऐनवेळी थांबावा. ही खूण भंगाराच्या दुकानांत, वजनकाट्यांवर आणि पिंपळे गुरवच्या शाळांतही आवर्तसारणीशेजारी लागली पाहिजे. कोबाल्टचा अणुक्रमांक सांगणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळतातच. पण संध्याकाळी घरी जाऊन तो भंगारात काम करणाऱ्या आपल्या शेजाऱ्याला सांगू शकला, की जड, शिशाचे, ही खूण असलेले डबडे फोडू नका, दूर व्हा आणि कळवा, तरच ते शिक्षण त्या वस्तीच्या कामी आले असे म्हणता येईल.