रोग गेले, रक्तक्षय राहिला

जे घडत नाही त्याची बातमी होत नाही. म्हणूनच आपल्या हयातीत दक्षिण आशियाच्या आरोग्यात झालेले स्थित्यंतर फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. भारतात देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. एके काळी आंध्र प्रदेशालाही छळणाऱ्या नारूपासून देश २००० साली मुक्त ठरला. पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. १९७१ साली हजारी १२९ असलेला देशाचा बालमृत्युदर २०२० मध्ये २८ वर आला. माझ्या शिक्षणकाळी वॉर्डात दिसणारा नवजात अर्भकाचा धनुर्वात आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुधा पुस्तकातच भेटतो.

या यशाचे श्रेय लसीला आहे, तितकेच नोंदीलाही आहे. १९९७ पासून पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय एकाएकी लुळा पडला की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने कळवावे अशी अपेक्षा होती. रक्तक्षयाच्या वाट्याला ही शिस्त कधीच आली नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५८.६ टक्के होते. तेलंगणात तर ते ७० टक्के होते. बोटातून रक्त घेऊन मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप आहेत, ते मला मान्य. पण आकडा निम्मा धरला तरी आपल्याला स्वस्थ बसता येईल काय?

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. याच २०१९-२१ च्या पाहणीत तेलंगणात ९७ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्याचे आढळले आणि ६०.७ टक्के शस्त्रक्रियेने. म्हणजे नाळ केव्हा कापायची हे आता जवळजवळ सर्वस्वी आपल्याच हाती आहे. जन्मल्याबरोबर रडलेल्या बाळाची नाळ एक ते तीन मिनिटे थांबून कापली, तर पुढील काही महिने पुरणारे लोह त्याला फुकट मिळते. सिझेरियनमध्येही हे साधते. घाई बहुतेक वेळा सवयीची असते, गरजेची नसते. स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांनी रागावू नये. पण सहा महिन्यांनी ते फिकट बाळ आमच्याकडे येते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या गोंड, परधान, कोलाम बांधवांत हा दोष आढळतो आणि लोहाच्या औषधाने तो बरा होत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तरीही उटनूर भागातून आलेल्या फिकट मुलाला तपासणीविना टॉनिक लिहून दिल्याच्या चिठ्ठ्या मी पाहतो. निदान लवकर झाले तर पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस यांनी जीव वाचतो.

यात आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबादेतच होते. सीमा बदलली, सोयरीक बदलली नाही. आजही लेक पहिल्या बाळंतपणाला पैनगंगेपलीकडे माहेरी जाते, बाळाचे पहिले कार्ड मराठीत मिळते आणि पुढचे डोस तेलुगू कार्डावर पडतात. दोन राज्यांच्या दोन नोंदींत मधली काही पाने हरवतात. आपल्या संघटनेने जन्मवजन, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी या तीन रकान्यांचे एकच कार्ड मराठी व तेलुगूत छापावे, आणि पलीकडच्या डॉक्टरांनाही द्यावे, असा प्रस्ताव मी येत्या सभेत मांडणार आहे.