दात्यांची मोट कोण बांधणार?

विशेष प्रतिनिधी

इगतपुरी : सामाजिक कार्यासाठी देणाऱ्या हातांची महाराष्ट्रात वाण नाही, वाण आहे ती हे हात एकत्र येण्याची. इगतपुरीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

येथील धम्मगिरी विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरे भरतात. सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेल्या शिरस्त्यानुसार शिकवणी, निवास वा भोजनाचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच ऐच्छिक दान स्वीकारले जाते. आपला खर्च अनोळखी साधकाने उचलला, आता पुढच्याचा आपण उचलावा, हे त्यामागील सूत्र. मात्र येथे दाता आधी स्वतः लाभार्थी असतो.

तालुक्यातील आदिवासी पाड्यांना हे सूत्र लागू पडत नाही. मुसळधार पावसाचा हा प्रदेश. ब्रिटिशकालीन दारणा धरण येथलेच आणि ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. तरीही उन्हाळ्यात पाड्यांवरील महिलांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. त्यांच्यासाठी दाता बाहेरूनच यावा लागतो.

असा निधी कायद्याने उपलब्धही झाला आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. अनेक कंपन्यांना एकत्र प्रकल्प राबवण्याची मुभाही आहे. प्रत्येकीने हिशेब स्वतंत्र दिला म्हणजे झाले. अडचण आहे ती वृत्तीची. विहीर बांधून नावाचा फलक लावता येतो. पंप बिघडल्यावर धावून येणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनावर फलक लावता येत नाही.

परदेशी निधीची वाट तर अधिकच अरुंद झाली. २०२० च्या कायदादुरुस्तीने असा निधी एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेने निधी मिळवून गावोगावच्या लहान संस्थांना वाटण्याची सोय त्यामुळे संपली.

सहकार्य अशक्य नाही, हे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने दाखवले. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोहोचली. संस्थेने प्रशिक्षण दिले, पुढे भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरवली आणि गावाने श्रमदान केले. तेथे गाव केवळ लाभार्थी नव्हते, भागीदार होते.

दात्यांची मोट बांधताना हाच धडा महत्त्वाचा. निधी एकत्र आला, पण त्याचा विनियोग मुंबई-पुण्याच्या बैठकीतच ठरला, तर पाड्यावर आणखी एक फलक तेवढा उभा राहील. त्या बैठकीत हंडा वाहणारीलाही जागा असली पाहिजे.