कोरड्या बर्फाबाबत इशाऱ्यापेक्षा प्रशिक्षण हवे

तंजावर - तामिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाने एप्रिल २०२४ मध्ये दिलेला इशारा मुख्यतः द्रवरूप नायट्रोजनबाबत होता. त्याआधीच्याच महिन्यात गुरुग्राममधील उपाहारगृहात मुखशुद्धी समजून कोरडा बर्फ खाल्ल्याने पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. दाबाखाली द्रवरूप केलेला कार्बन डायऑक्साइड एकदम मोकळा सोडला, की त्याचा काही भाग गोठून हिम बनतो; तो दाबून वड्या पाडतात. पॅरिसमध्ये थिलोरिये यांनी १८३५ मध्ये या घनरूपाची नोंद केली. उणे ७८.५ अंशांचा हा बर्फ वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोपासून सुमारे ५०० लिटर. त्यामुळे घट्ट झाकणाचा डबा फुटतो, बंद खोलीत जीव गुदमरतो. तंजावरमध्ये केंद्र सरकारची अन्न तंत्रज्ञान संस्था आहे. उपाहारगृहचालकांना हे विज्ञान शिकविण्याचे काम तिच्याकडे सोपविणे दंडाच्या धाकापेक्षा उपयुक्त ठरेल.